पुसून बसवा

"डिस्क पुसून बसवा" ही ओळ वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला. सकाळपासून कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला कळलेलं ते पहिलं वाक्य. बाकीचंही मराठीच होतं म्हणे. पण संचिका, विभाजन, विलोपित असली मराठी कोण बोलतं, देव जाणे. वॉर्डात मी कुणाला "सिस्टर, जरा ती संचिका द्या" म्हटलं असतं, तर त्यांनी मलाच खाटेवर झोपवून ताप बघितला असता.

वॉर्डात म्हणजे मी आया होते. निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. पेशंट घरी गेला की खाट पुसायची, गादी पुसायची, बाजूचं कपाट पुसायचं आणि मग नवा पेशंट घ्यायचा. न पुसता घेतला तर मेट्रन अंगावर धावून यायची. त्यामुळे पुसून बसवा म्हटल्यावर मला वाटलं, चला, हा लिनक्स का कोण तो, शिस्तीचा दिसतोय.

त्याच्या वरची ओळ होती, "जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवा". लेकीने फोनवर तीच सांगितली होती. "आई, शेजारी बसवा, एवढंच लक्षात ठेव. आणि तिथपर्यंत पोचलीस की थांब. माझी मीटिंग संपली की मी फोन करते."

पण मी म्हटलं, शेजारी कशाला? दुरुस्तीवाला परवाच खोकं उघडून म्हणाला होता, "मावशी, आत नुसती घाण झालीय, टाकून द्या आता." त्या घाणीला लागून नवंकोरं काही बसवायचं? माझ्या हातून ते झालंच नसतं.

शिवाय घाई होती. हे शेजारच्या ड्रायव्हरभावजींबरोबर डॉक्टरकडे गेले होते. जेवायच्या वेळेला परत येणार, त्याआधी मला मशीन तयार ठेवायचं होतं.

आमचे हे बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. आवाज असा, की बाकावर घोरत पडलेला माणूसही खडबडून उठायचा आणि बरोबर आपल्याच गाडीत चढायचा. घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर माणूस हाती लागणार नाही. मी म्हटलं, काढा. तेव्हापासून घरात पाटी आली. हे लिहिणार, मी वाचणार, हे पुसणार, पुन्हा लिहिणार. भांडण काढलं तरी पाटीवरच. मी चष्मा शोधेपर्यंत निम्मं भांडण शिळं झालेलं असायचं.

ऑपरेशनच्या आधी लेकीने यांना या मशीनसमोर बसवून आवाज भरून घेतला होता. त्यात गाड्या पुकारल्या, पेपर मोठ्याने वाचला, मध्येच चष्मा कुठे ठेवलास म्हणून माझ्यावर वैतागले, तेही आलं. स्वतः यांनी ते नंतर एकदाही लावलं नाही. मी मात्र रोज दुपारी हे झोपले की कानाला हेडफोन लावून बसायची. आपल्यावर वैतागलेलं पुन्हापुन्हा ऐकावंसं वाटेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लेकीचं म्हणणं, लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी नवी प्रणाली, तो बसवला की बाबा नुसतं टाइप करतील आणि मशीन मराठीत बोलून दाखवेल. जुन्या मशीनला ते जमत नव्हतं, ते सुरू व्हायलाच अर्धी सकाळ घ्यायचं. म्हणून तिने लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह पाठवला. दुसरा रिकामा होता. त्यावर आधी बाबांचा आवाज काढून ठेव, म्हणाली. तेही मी केलं होतं. पडद्यावरचं "बाबांचा आवाज" लिहिलेलं चित्र पकडलं, ओढलं, तिकडे सोडलं. चुटकीसरशी झालं.

मग भीती कसली? खाली लाल अक्षरांत संचिका विलोपित होण्याबद्दल काहीतरी बडबड चालली होती. मी "पुढे" दाबलं.

एक पट्टी दिसली आणि डावीकडून हळूहळू भरायला लागली. मी मोठ्या खुशीत गॅसवर कुकर चढवला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, पोचलीस का तिथपर्यंत?"

"पोचले काय, बसतोयसुद्धा तुझा लिनक्स."

"अगं, थांब म्हटलं होतं ना! शेजारी बसवा हेच दाबलंस ना?"

"छे, पुसून बसवा. आत घाण होती ना."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "पुसून म्हणजे आतलं सगळं जातं गं."

"जातं कसं? आपण कपाट पुसतो तेव्हा कपाट जातं का?"

हे बोलले मात्र, आणि समोर टेबलावर यांची पाटी दिसली. सकाळी काहीतरी लिहून पुसलेली. दिवसभर ती पाटी पुसलेली बघते मी, पुसल्यावर अक्षर राहत नाही हे बघते, आणि माझ्या टाळक्यात ते शिरलं नव्हतं.

"असू दे, असू दे," लेक स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पेनड्राइव्हवर घेतलंयस ना. किती वेळ लागला होता घ्यायला?"

"वेळ कसला? लगेच झालं."

"लगेच?" ती म्हणाली. "आई, त्या चित्राच्या कोपऱ्यात छोटासा बाण होता का गं? वळलेला?"

"होता की."

"मग ती नुसती दारावरची पाटी होती. घर आतच राहिलं, आवाज त्या मशीनमध्येच." आणि एकदम ओरडली, "आई, वायर काढ! भिंतीतून वायर काढ आधी!"

मी टेबलाखाली घुसले. गुडघे धरलेले आहेत, वाकता येत नाही, हे सगळं विसरले. कुठली वायर कशाची तेही कळेना. हाताला येतील त्या सगळ्या उपटल्या. मशीनच्या पंख्याची घरघर थांबली. कुकरने शिट्टी दिली, ती कानात घुसल्यासारखी वाटली.

"गेलं का गं सगळं?" मी टेबलाखालूनच विचारलं.

"बहुतेक." ती रडत होती. "तुकडे राहिले असतील थोडे. उद्या दुरुस्तीवाल्याकडे ने, निघतील तेवढे निघतील. पण तोवर मशीनला हात लावू नका. पुन्हा काही बसवलंत तर उरलंसुरलंही जाईल."

मी खुर्चीत बसून राहिले. किती शब्द उरले असतील? चष्म्याचं उरलं असेल का? देवा, बाकी सगळं जाऊ दे, पण ते तेवढं राहू दे, असं म्हणत बसले. वॉर्डात लोक बाहेरच्या बाकावर बसून असंच काहीबाही पुटपुटत असायचे. तेव्हा मी त्यांना म्हणायची, "असं करून कुठे काही होतं का, चहा प्या."

हे आले. भावजींनी दारातूनच सांगितलं, "वहिनी, डॉक्टर म्हणाले, एकदम ठणठणीत." आणि ते गेले. यांनी चपला काढल्या, मशीनकडे बघितलं, उपटलेल्या वायरी बघितल्या, मग माझं तोंड बघितलं.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पुसण्याचं सांगितलं, बाणाचंही सांगितलं. सांगताना एकदाही यांच्याकडे बघितलं नाही.

यांनी पाटी टेबलावर आपटली. फुटली नाही. खडूचे मात्र दोन तुकडे झाले. ओरडता येत नाही तो माणूस चिडला की काय होतं, ते ज्याने बघितलं त्यालाच कळेल. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा येत राहिली. मग हे खिडकीकडे तोंड करून बसले. ताट वाढलं ते तसंच राहिलं. माझंही.

शेवटी मीच म्हटलं, "उद्या जाते दुरुस्तीवाल्याकडे. थोडंफार निघेल म्हणालीय."

यांनी लिहिलं, "कशाला?"

"कशाला काय? ऐकायला."

"मी ऐकत नाही."

"मी ऐकते!" माझा आवाज चढला. "रोज दुपारी ऐकते, तुम्ही झोपलात की. आता कळलं? तुमचा आवाज असला म्हणून काय तुमच्या एकट्याचा झाला?"

यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "दुपारी मी जागाच असतो."

मी इथे हेडफोन लावून यांच्या आवाजावर हसायची, डोळे टिपायची, आणि हे पलीकडच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून जागे. मला एकदाही कळलं नव्हतं.

यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "मी आहे ना."

"आहात हो," मी म्हटलं. "आहात म्हणून तर देवाला हात जोडते. पण ते तेवढं मला हवंय."

हे उठले. एकेक वायर बघून जागच्या जागी लावली, लिनक्सचा पेनड्राइव्ह पुन्हा खोचला आणि मशीन सुरू केलं. सकाळचाच पडदा पुन्हा आला. भाषा विचारली, कीबोर्ड विचारला. यांचं बोट पुढे पुढे जात होतं. मी मागे उभी होते. त्या दोन ओळी आल्या. शेजारी बसवायला आता जुनं काही नव्हतंच, म्हणून की काय, वरची ओळ फिकट झाली होती.

"अहो, नको," मी यांचा हात धरला. "उद्यापर्यंत थांबा. एक दिवस. माझ्यासाठी."

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी भांडले असते. माझा हात हळूच बाजूला केला, आणि सगळं समजून उमजून "पुसून बसवा" दाबलं.

पट्टी भरायला लागली. मी शेवटपर्यंत बघू शकले नाही. स्वयंपाकघरात गेले, सकाळची पडून राहिलेली भांडी घासायला काढली आणि नळ मोठा सोडला. मनात म्हटलं, आता चार दिवस बोलायचं नाही यांच्याशी. बसू देत त्या लिनक्सला घेऊन. लग्न झाल्यापासून यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, आज मारली तरी ओ द्यायची नाही.

खोलीतून लेकीचा फोन स्पीकरवर ऐकू येत होता. ती सांगत होती, बाबा इथे दाबा, आता तिथे, आता मराठी निवडा. मग तिचाही आवाज थांबला.

आणि कुणीतरी बोललं. बाई म्हणावी तर बाई नाही, पुरुष म्हणावा तर पुरुष नाही. नाकातला, सपाट, प्रत्येक अक्षर वेगळं तोडून टाकणारा आवाज.

"ऐक. लंस. का."

मी नळ बंद केला. हात तसाच तोटीवर राहिला. ओ दिली नाही.

"ऐक. लंस. का."

आता जरा मोठ्याने. यांना आवाज वाढवायचं बटण सापडलं होतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या माझ्या, आणि रागही तेवढाच होता. भांडं खाली ठेवलं.

"ऐक! लंस! का!"

"आले हो, आले," मी म्हटलं. "ओरडताय कशाला?"