मुझफ्फरशेठची सीट

“आज तरी तोंड उघडा,” शफीच्या हातात टोपी देत हुस्नबानो म्हणाली. “मयतीला चाललोय म्हणून गप्प बसून येऊ नका. संध्याकाळी मशीन न्यायला माणूस येतोय.”

“मेलेल्या माणसाकडं वसुली करू?”

“जिवंत होता तेव्हा तरी कुठं केलीत?”

शफीनं टोपी डोक्यावर घातली. हायवेवरच्या द्वारका चौकात त्याचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान. काम बक्कळ, गल्ल्यात खडखडाट. आज वारलेल्या ट्रकमालक मुझफ्फरशेठच्या सगळ्या गाड्यांच्या सीटा त्यानंच शिवलेल्या. पैसे मागितले की शेठ चहा पाजायचा, पाठीवर हात ठेवायचा आणि आणखी एक सीट शिवायला टाकून जायचा. इकडे रेक्झिनवाल्यानं माल बंद केला. त्याचं देणं फेडायला शिवणाचं मशीनच विकायची पाळी आली. शेजारच्या बॅटरीवाल्या ज्ञानेशकडे गिऱ्हाईक निम्मं, पण उधारी औषधालाही नाही. दिवेलागणीला शटर ओढून तो निवांत घरी जायचा. त्या निवांतपणाचा शफीला भयंकर राग यायचा.

कब्रस्तानात नमाजाआधी शेठचा मुलगा सरफराज रिवाजाप्रमाणे पुढं आला. “अब्बा कुणाचं काही देणं लागत असतील तर मला सांगा, नाहीतर माफ करा.”

शफीनं रांगेत पाहिलं. टायरवाला, रंगवाला, पंपावरचा माणूस, सगळे जमिनीकडे बघत उभे. म्हणजे अर्ध्या द्वारकेनं आपल्या उधारीवर या माणसाचे ट्रक चालवले होते. दफन झाल्यावर मनाशी वाक्य जुळवत तो सरफराजजवळ गेला. पोराचे डोळे सुजलेले, बाह्या मातीनं भरलेल्या.

“चाचा, तुमचं काही होतं का?”

“काही नाही रे. माफ आहे सगळं,” शफी बोलून गेला आणि घरापर्यंत स्वतःवरच चरफडत राहिला.

संध्याकाळी मशीन टेम्पोत चढलं. हुस्नबानोनं मशीनच्या जागेवरचा कचरा झाडून काढला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. टेम्पो वळतोय तोच शेठचा जुना ड्रायव्हर कोंडाजी हजर.

“शफीभाई, सीट झाली का? उद्या सिन्नरला माल भरायचाय. सरफराजशेठ म्हनले, पैशाचं मागून बघू.”

“एक शिवण राहिलीय. सकाळी ने. येताना रोख आण.”

“आता? कब्रस्तानात तर माफ केलं म्हनालात.”

“शेठचं माफ केलं. या सीटवर सरफराजची गाडी चालणार.”

कोंडाजी बघतच राहिला. एवढं साधं बोलायला शफीला अख्खा जन्म लागला होता, आणि तेही मशीन गेल्यावर.

कोंडाजी निघून गेला. शेजारी ज्ञानेशनं शटर ओढलं. शफीनं मोठ्या सुईत जाड दोरा ओवला, मशीनच्या रिकाम्या जागी मांडी घातली आणि उरलेली शिवण हातानं घालायला घेतली.