अन्शेलच्या गळ्यातली चाल

माझ्या वडिलांची चाल बुडायला आली होती आणि ती नीट येणारी इस्रायलमधल्या आमच्या अख्ख्या त्सफात गावात मी एकटीच उरले होते. पण आम्हा कर्मठ ज्यूंमध्ये बाईचं गाणं परके पुरुष ऐकत नाहीत. शिकवणार कुणाला, तर नवऱ्याला. अन्शेलचं आणि सुराचं उभ्या जन्मात जमलेलं नाही.

वडील, ज्यांना सगळे मानानं रेब लिपा म्हणत, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ऊन उतरताना प्रार्थनाघरात तिसऱ्या जेवणाला ती चाल म्हणायचे. शब्द नाहीत, नुसते सूर. मधला भाग ते एकटेच म्हणत, बाकीचे डोळे मिटून ऐकत. शब्बाथला यंत्राला हात लावायचा नाही, त्यामुळे रेकॉर्ड कुठून असणार? ते गेल्यापासून पुरुषांची गाडी दर वेळी मध्येच अडायची. शेवटी गाणं धरणारे म्हातारे श्रूल म्हणाले, "या शब्बाथला जमलं तर ठीक. नाहीतर सोडून देऊ. अर्धवट म्हणून रेब लिपांची थट्टा नको."

आठवडाभर माशाचे गोळे वळता वळता मी अन्शेलला शिकवत होते.

"इथे वर जायचंय."

"गेलो की वर."

"खाली गेलास. पार तळघरात."

"मग तूच जा बायकांच्या पडद्याबाहेर नि म्हण," तो वैतागला. "मी नळ दुरुस्त करणारा माणूस. सासऱ्यांची अब्रू माझ्या गळ्यात कशाला बांधतेस?"

कुणाची चूक दिसली की माझी जीभ आवरत नाही. मी म्हटलं, "बाबा तुला कायम शेजारी का बसवायचे, देव जाणे."

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, आपला धर्मग्रंथ, तोरा, उघडून वाच. मोशेची जीभ जड होती, तरी समुद्र ओलांडल्यावर गाणं त्यानंच धरलं. गोड गळ्याचा माणूस स्वतःलाच ऐकत बसतो. तू बस इथे आणि गा."

हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

शब्बाथला श्रूलनी चाल धरली आणि ती नेहमीच्या जागी अडली. मग अन्शेलचा आवाज आला. कुणीतरी फिसकन हसलं. तो थांबला. पडद्यामागे बायकांत बसलेली मी पुढे झुकले. पुढचा सूर माझ्या ओठांवर होता आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हसतंय कोण?" श्रूलनी विचारलं. "अन्शेल, पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं, आणि वर जायच्या जागी खालीच गेला. श्रूल त्याच्या मागोमाग खाली उतरले, तिथून पुढचा भाग उचलला, आणि चाल शेवटपर्यंत गेली. मग परत पहिल्यापासून. दर वेळी सगळे अन्शेलच्या मागे तिथे खालीच उतरत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरी येताना अन्शेल म्हणाला, "तिथे चुकलो ना?"

बाबा तिथे वर जायचे. हे आता माझ्याशिवाय कुणालाच नक्की आठवत नाही.

"पुढच्या शब्बाथलाही असंच म्हण," मी म्हटलं.