लोकरी मोजे

डॉक्टरांनी ओवीची मूठ उलगडली. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट शेंड्यापर्यंत एकाच कातड्यात होती. दुसरा हातही तसाच, आणि दोन्ही पायांना करंगळी शेजारच्या बोटाला चिकटलेली. सव्वा वर्षाची पोर डॉक्टरांच्या पेनकडे बघून हसत होती.

सांगलीच्या त्या दवाखान्यात पाच मोठी माणसं बसली होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. क्रांती पहिल्या बाळंतपणाला फलटणला माहेरी गेली ती गेलीच; कुंडलच्या सासरहून तिला न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीतल्या ग्रहणात हिनं सुईदोरा घेऊन झंपराला हूक लावला, म्हणून पोरीची बोटं शिवली गेली, असं सासूनं, मनुबाईंनी, गावभर केलं होतं. शेवटी क्रांतीच्या वडिलांनी, हरिबांनी, शब्द टाकला. डॉक्टर सांगतील ते दोन्ही घरांनी मानायचं; दोष मुलीचा नसेल तर तिला इथूनच कुंडलला न्यायचं. तिचा नवरा पृथ्वीराज त्यासाठी पलटणीतून रजा काढून आला होता.

डॉक्टरांनी विचारलं, ग्रहणाला कितवा महिना होता. पाचवा, क्रांती म्हणाली.

मग ग्रहणाचा काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले. गर्भाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, बोटं सुटी होतात ती दुसऱ्याच महिन्यात. ते काम एका जनुकाच्या हुकमावर चालतं. त्या जनुकातली खोट नुकतीच सापडली आहे, आणि ती बहुतेक वेळा आईकडून किंवा बापाकडून येते.

क्रांतीनं कितीतरी महिन्यांनी मान वर केली.

“मंग हिच्या माहेरचं असंल,” मनुबाई म्हणाल्या. ग्रहण सुटलं, सून सुटली नाही.

डॉक्टरांनी सगळ्यांचेच हातपाय बघायला घेतले. क्रांतीची वीसही बोटं सुटी होती, तिच्या आईवडिलांचीही. पृथ्वीराजनं बूट काढले, त्याचंही ठीक. पण खोट कधीकधी एखादी पिढी गाळते, डॉक्टर म्हणाले, आणि कधी नुसत्या पायाच्या करंगळीवर भागते.

भर मे महिन्यात मनुबाईंच्या पायांत लेकाच्या पलटणीचे लोकरी मोजे होते. भेगा आहेत, असं त्या सांगत. लग्नात सून वाकली तेव्हाही त्यांनी पाय ओढून घेतले होते. आमच्यात लांबूनच नमस्कार करतात, म्हणाल्या होत्या.

“विहीणबाई, तुमीबी दावा की,” हरिबा म्हणाले.

मनुबाईंनी लेकाकडे पाहिलं.

“आईच्या पायाला काय न्हाई,” पृथ्वीराज म्हणाला. “मी ल्हानपणापास्नं बघतोय.”

बोलताना तो बुटाची नाडी बांधत होता. जवानाचा शब्द, डॉक्टरांनी तो लिहून घेतला. हाताची बोटं शस्त्रक्रियेनं सुटी करता येतील, पायाची राहिली तरी अडत नाही, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. दोष कुणाचाच ठरला नाही, म्हणजे रीतीप्रमाणे सुनेचा ठरला.

स्टँडवर फलटणची गाडी लागली. क्रांतीनं पोर आईकडे दिली आणि जाता जाता सासूच्या पायांवर वाकली. पाय मागे सरकायला गेले, पण मागे बाकडं होतं. लोकरीवरून तिची बोटं अंगठ्यापासून पुढे गेली आणि कडेच्या जाड, जुळ्या बोटावर येऊन थांबली.

मोजा एका हिसक्यात निघाला असता. पण त्याबरोबर नवऱ्याचा खोटा शब्द भर स्टँडवर उघडा पडला असता, आणि त्याच्याच घरी तिला जायचं होतं. अजूनही जायचं होतं, याची तिला स्वतःचीच किळस आली. ती उठली. पृथ्वीराज गाडीची पाटी वाचत होता.

मनुबाई तिच्या कानाशी आल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माया होती.

“हाताचं डॉक्टर करत्याल. पायात मोजं घालत जा तिच्या. जलमभर कुनाला कळत न्हाई.”