पिवळ्या काठाच्या चादरी

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईगृह होते. वरच्या मजल्यांवर माणसे जन्मत, कण्हत, बरी होऊन घरी जात किंवा जात नसत. आणि त्या साऱ्याच्या खुणा अंगावर वागवीत त्यांच्या चादरी खाली येत. पाण्यातून, वाफेतून आणि उष्ण हवेतून गेल्यावर त्या पुन्हा निर्मळ होत, जणू त्यांच्यावर कधी कुणी निजलेच नव्हते. ज्या हातांनी हे घडे, त्या हातांना वर कुणी ओळखत नसे. परंतु शुश्रूषेचा आरंभ तिथूनच होतो, हे ज्याने आपला आजारी देह एकदा स्वच्छ चादरीवर टेकवला आहे त्याला सांगावे लागत नाही.

चादरीची घडी एकटीने नीट होत नाही. दोघींनी दोन बाजू धरायच्या, ताणायच्या, झटकायच्या, मग एकमेकींच्या दिशेने चालत यायचे. हाताला हात लागला की एकीने आपली टोके दुसरीच्या स्वाधीन करायची आणि खाली लोंबणारी दुमड उचलायची. दिवसभर हे येणे आणि मागे सरणे चाललेले असते आणि बोलणेही त्यातच होते. अर्धे वाक्य दूर असताना, उरलेले जवळ आल्यावर.

तेथील सर्वांत जुनी जोडी अगदी विजोड होती. एक ताडमाड उंच, तिला सगळ्या शिडी म्हणत. दुसरी तिच्या खांद्याखाली मावेल एवढी, ती गिड्डी. शिडीच्या बाजूने चादर नेहमी वर चढलेली असे, आणि गिड्डी कुरकुरत असे की हिच्याबरोबर काम करायचे तर मला आधी स्टूल मंजूर करा. त्यावर शिडीचे उत्तर ठरलेले असे की टाचा उंच कर, तेवढाच व्यायाम.

शिडीला एकुलती एक मुलगी होती. शाळेला सुटी असली की ती आईबरोबर येई, आणि पाठीमागे हात बांधून घड्यांच्या ढिगांसमोरून अत्यंत गंभीरपणे फिरे, हुबेहूब मुकादमांसारखी. मुकादमांना सारे मामा म्हणत. आपली नक्कल पाहून ते खुर्चीतून उठून उभे राहत आणि साहेब आल्या, नीट हात चालवा, असे बजावत. तेव्हापासून तिचे नावच साहेब पडले. एखादी घडी पसंत नसली तर ती तिच्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणे, आणि बायका काम टाकून हसत.

साहेब तापाने गेली. याच इमारतीत, वर बालकक्षात.

शिडी कामावर परतणार त्याच्या आदल्या दिवशी मामांनी सर्वांना एकत्र बोलावले. बालकक्षाच्या चादरींना पिवळा काठ असतो. त्या लहान असल्यामुळे सुकवणीच्या यंत्रांत न जाता इस्त्रीनेच वाळतात आणि घडीच्या टेबलाशी हातावेगळ्या होतात. त्या तिच्या दृष्टीस पडता कामा नयेत, म्हणून तिला पलीकडच्या खोलीत सुकवणीच्या यंत्रांवर नेमले आहे, असे ते म्हणाले. मुलीचा विषयही तिच्यापुढे कुणी काढायचा नाही. खपली धरू द्या. बायकांनी डोळे पुसत माना हलवल्या. गिड्डीने तर शपथ घेतली. त्या खोलीत त्या दिवशी कठोर काळजाचे एकही माणूस नव्हते. पुढे जे घडले ते मायेपोटीच घडले.

सुकवणीच्या खोलीत यंत्रांची मोठमोठी पिंपे अखंड गरगरत असत. तेथे एकाच माणसाचे काम, आणि आपले बोलणे आपल्यालाही ऐकू येत नसे. शिडीने नेमणूक ऐकून घेतली आणि ती कामाला लागली. डबा खाण्याच्या वेळी ती बाहेर आली की चाललेले बोलणे मध्येच तुटे, आणि मग कुणी घाईघाईने घरभाड्याचा, कुणी गळक्या नळाचा विषय काढी. तिला जागा करून देत, तिच्या डब्यात आपल्यातले वाढत, तिच्या वाट्याची कपड्यांची जड गाडी परस्पर ढकलून ठेवत. गिड्डीला नवी जोडीदारीण मिळाली, तिच्याच उंचीची. शिडीकडे पाहिले की तिला साहेब आठवे, म्हणून ती पाहत नसे. आणि पाहावे लागत नाही याचे तिला मनात कुठेतरी हायसेही वाटे.

त्याच सुमारास व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक समुपदेशक बाई नेमल्या. मामांनी स्वतः शिडीला त्यांच्या दारापर्यंत पोचवले. बाई खरोखर चांगल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही, झोपेची आणि भुकेची आस्थेने चौकशी केली, तिला मनसोक्त रडू दिले. शिडी काही आठवडे गेली आणि मग जाईनाशी झाली. मामांनी कारण विचारले.

"बाई फार चांगल्या आहेत मामा," ती म्हणाली. "पण त्यांनी तिला पाहिलं नव्हतं."

मामांना वाटले, हिला निवांत राहू द्यावे हेच बरे.

असे वर्ष सरत आले. एके सकाळी मामांनी नजर चुकवीत सांगितले की शिडीने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात बदली मागितली होती, ती मंजूर झाली आहे. आज तिचा इथला शेवटचा दिवस. गिड्डीच्या हातातली चादर तशीच राहिली. आज बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे तिला लख्ख उमगले. ती पलीकडच्या खोलीत गेली आणि तिने एकामागून एक सारी यंत्रे बंद केली.

"शिडे," ती म्हणाली, "मला साहेबांची फार आठवण येते गं."

शिडीने कवेतले ओले कपडे खाली ठेवले. 

"आज म्हणतेस होय?"

स्वरात राग नव्हता. मग ती सावकाश सांगू लागली. घरी नवऱ्याने मुलीचा फोटो कपाटात ठेवून दिला होता. तिचे नाव निघाले की तो उठून बाहेर जाई. म्हणून ती रोज इथे येई. तिला पाहिलेली, तिला हसलेली एवढी माणसे इथे होती. कुणीतरी कधीतरी बोलेल. कुणी बोलले नाही. हळूहळू तिला वाटू लागले की अमंगळ वस्तू बाजूला ठेवावी तसे आपल्याला ठेवले आहे.

"पिवळ्या काठाच्या चादरी मला हव्या होत्या. शेवटी त्यांच्यावरच निजली होती ती. माझ्या हातच्या होत्या त्या."

गिड्डीला रडू आवरेना. तिने मामांचे सांगणे सांगितले, आपली शपथ सांगितली. शिडी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. समजूत घालायला आलेलीचीच समजूत घातली जात होती.

"एवढं सांग," शिडी म्हणाली. "घडीवर बोट ठेवून ती काय म्हणायची? मला आठवेनासं झालंय. आवाज तर केव्हाच गेला. तुला आठवतं?"

गिड्डीने आठवून पाहिले. तिला मुलीची चाल आठवली, वेण्या आठवल्या, हनुवटी वर करून पाहणे आठवले. शब्द आठवले नाहीत. वर्षभर तिने ते स्मरण इतक्या निष्ठेने दूर लोटले होते की आता ते हाक मारूनही येईना. 'ही परत घाला' असं काहीसं, ती चाचरत म्हणाली. शिडीने नकारार्थी मान हलवली.

यंत्रे का थांबली हे पाहायला मामा आले, तेव्हा तिने त्यांनाही तेच विचारले. त्यांनी डोळे मिटले. ते भिंतीला टेकले. नाही गं आठवत, असे ते पुटपुटले. मग एकाएकी म्हणाले की बदली रद्द करून घेतो, उद्यापासून टेबलाशी ये, बालकक्षाच्या सगळ्या चादरी तुझ्याकडे.

"नको मामा. तिकडे कुणालाच काही ठाऊक नाही. मला बघून कुणी गप्प तरी होणार नाही."

तिने यंत्रे पुन्हा चालू केली, कारण कपडे ओलेच राहिले असते तर वर चादरी कमी पडल्या असत्या. पाळी संपली तशी ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी कुणीतरी साहेबांचे नाव काढले. मग दुसरीने, मग तिसरीने. एकीला तिचे पडलेले दात आठवले, एकीला कपड्यांच्या गाडीत तिचा लागलेला डोळा. दुपारभर सगळ्या बोलत राहिल्या, हसल्या, रडल्या. मामांनी कुणाला थांबवले नाही. ज्या एकीने हे ऐकायचे होते, ती त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी बायकांमध्ये उभी होती, आणि तुला मुलंबाळं किती, असे त्यांच्यापैकी कुणीतरी तिला सहज विचारत होते.