प्रतिक्षाची वाणी
मंगळवार उजाडला की द्वारकाबाईच्या अंगणात नारळांचा ढीग लागायचा. तिची बावीस वर्षांची लेक प्रतिक्षा दिवाळीपासून धड बोलत नव्हती. एक वाक्य सुरू करी आणि ते भलत्याच गल्लीत शिरे. एकदा ती असंच काहीबाही बोलली आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी हरवलेला बैल सापडला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली! द्वारकाबाईचे धाकटे दीर दगडोबा म्हणाले, ही वाणी आहे, पोरीच्या तोंडून देवी बोलते.

त्या सकाळी हरिचंदची बायको शिला पदर पसरून बसली. "आई, मला पोरगं व्हईल का?"

"पंख्यानं दूध पेलं," प्रतिक्षा भराभर बोलली, "मग शाळा निळी, दार बुटात वाजतं, वाजतं, मीठ कुठं उभं हाय..."

"दूध म्हणजी पाळणा!" दगडोबांनी अर्थ लावला. लोकांनी हात जोडले.

द्वारकाबाई दारातून लेकीचे सुकून फाटलेले ओठ बघत होती. पोरीला तहान लागली असेल, असं कोणाच्या डोक्यातही येईना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा आजार आहे, औषधानं उतार पडेल, फक्त उशीर करू नका. त्या गोळ्या दगडोबांनी उकिरड्यावर फेकल्या. गोळ्यांनी म्हणे देवी कोपते! द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तिनं लेकीला पाणी पाजलं, पायात चपला घातल्या. "ऊठ माय. दवाखान्यात जायचं."

दगडोबा आडवे आले. "वैनी, काहून पाप घेऊन राहिल्या? देवीला कुठं दवाखाना असतो?"

"देवी हाय ना? बराबर." द्वारकाबाई अंगणाकडे वळली. "शिला, तुझा दीर बिनलग्नाचा हाय. देवीला जाऊ करून न्हेती का घरी? वैजनाथराव, तुमचं पोरगं? आजच कुंकू लावा."

शिलानं पदर आवरला. वैजनाथराव नारळाची शेंडी उपटत बसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"सून म्हणून नको, अन् पाया पडायला पायजे. व्हा बाजूला!"

वाट झाली. रस्त्यावर हिंगोलीकडं जाणारी काळी-पिवळी जीप थांबली. बसल्याबसल्या प्रतिक्षाची तीच बडबड सुरू झाली. शेजारच्या म्हातारीनं भक्तिभावानं हात जोडले. "काय सांगून राहिल्या बाई?"

इतके महिने द्वारकाबाईनं आजाराचा शब्द उंबऱ्याबाहेर काढला नव्हता. आज जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काईच न्हाई. माझी लेक बीमार हाय. बरी करून आणते."