गाळाची वरची बाजू

नळी टेबलावर आडवी पडली होती आणि तिचं डोकं कुठलं, पाय कुठले, हे प्रयोगशाळेत कुणालाच सांगता येईना.

नळी म्हणजे माणसाच्या उंचीचा प्लॅस्टिकचा पाइप. तो तळ्याच्या तळाशी खोल ठोकायचा आणि आतल्या गाळासकट वर ओढायचा. दर वर्षी पावसाबरोबर डोंगरावरची माती तळ्यात येऊन बसते, पुढच्या वर्षीची तिच्यावर बसते. म्हणून खालचा गाळ जुना, वरचा नवा. ज्या वर्षी मोठा पूर, त्या वर्षीचा थर जाड. हे थर वाचता आले की पूर्वी पाऊस कसा पडायचा आणि पुढे तो कसा बदलत गेला, ते कळतं. फक्त नळी सुलटी हवी. उलटी धरली तर वाढत गेलेले पूर कमी होत गेलेले दिसतात आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

त्यासाठी वरच्या टोकाला लाल टोपण लावायचं, खालच्या टोकाला काळं. सगळ्यात खोल गेलेली ही शेवटची नळी वर आली तेव्हा लाल टोपणं संपली होती. धाकटीने दोन्हीकडे काळी लावली आणि शाईने नळीवर बाण काढला. तोही ओल्या प्लॅस्टिकवर. गाडीच्या खडखडाटात तो साफ पुसला गेला.

धाकटी हे तिचं घरातलं नाव, पण ते प्रयोगशाळेतही कसं कोण जाणे येऊन पोचलं होतं. एम.एस्सी. होऊन ती इथे तात्पुरती मदतनीस म्हणून लागली होती. जुन्या हवामानावर पीएच.डी. करायला एकच जागा होती आणि ती याच नळीच्या कामासाठी मंजूर झाली होती. शुक्रवारी निवड समिती बसायची होती. नळी बाद झाली की जागाही बाद.

घरी दादाने वेगळीच मोर्चेबांधणी केली होती. विमा कंपनीतल्या एका साहेबांकडे त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता आणि त्यांना शनिवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. चिखल बघायला एवढं शिकावं लागतं का, असं आई अधूनमधून विचारायची. लहानपणी चिखलात खेळते म्हणून हिने मार खाल्ला आणि आता त्याच चिखलासाठी परीक्षा देत बसलीये, असं दादा येईल-जाईल त्याला सांगायचा. बाबा पेपरमधून डोकं वर काढत नसत. पीएच.डी.ची जागा मिळाली नाही तर मुकाट्याने विमा कंपनीत जाईन, असं तिने कबूल करून टाकलं होतं.

बुधवारी नळी उभी कापली आणि आतून पातळ तार लांबीच्या दिशेने ओढून गाळाचे दोन भाग केले. रसायनशास्त्राचे सर भिंग घेऊन वाकले. त्यांना पाठीमागे सगळे नकारघंटा म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. बराच वेळ पाहून त्यांनी निकाल दिला की सगळा गाळ सारखाच दिसतो, वरखाली काही ठरत नाही. वय काढायला नमुने पाठवले तर उत्तर यायला सहा महिने, आणि बाण नसलेल्या नळीसाठी त्या खर्चावर आपण सही करणार नाही.

मॅडम विभागप्रमुख होत्या. त्या रागावल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"उद्यापर्यंत काही सुचलं तर बघ," त्या म्हणाल्या. "नाहीतर समितीला आहे ते सांगावं लागेल मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी गाळापुढे स्टूल ओढून बसली. पुराचं पाणी वाळू, माती सगळं एकदम आणून टाकतं. जड कण आधी खाली बसतात, बारीक माती मागाहून, सावकाश. म्हणजे पुराच्या प्रत्येक थरात खाली भरड आणि वर बारीक असायलाच हवं. यात नवीन काही नव्हतं. सरांनीही भिंगातून तेच शोधलं होतं आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की ते नाहीच, की असून दिसत नाही?

मग तिचं लक्ष तारेच्या खुणांकडे गेलं. तार लांबीने ओढलेली. एका थराचे कण ओढून त्या तारेने पुढच्या थरावर सारवले होते, ओल्या रंगावरून हात फिरवावा तसे. धाकटीने काचेची पट्टी घेतली आणि गाळ आडवा खरवडायला लागली, थराच्याच दिशेने, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. दर वेळी पट्टी पुसायची आणि पुन्हा. हळूहळू करड्या रेघा वर आल्या. प्रत्येक रेघेची एक कड ठसठशीत होती आणि दुसरी विरत गेलेली.

ठसठशीत कड म्हणजे भरड, म्हणजेच थराचा तळ. पण हवं असलं की माणसाला हवं तेच दिसतं, हेही तिला पक्कं माहीत होतं. तिने आपलं मत एका कागदावर रेघेरेघेने लिहिलं, तो मॅडमच्या हातात दिला आणि सरांना बोलावलं.

"सर, प्रत्येक रेघेच्या भरड बाजूला एक टाचणी टोचाल? मी काय लिहिलंय ते सांगणार नाही."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो, सर."

मॅडमनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सर भिंग घेऊन बसले. टाचण्या लागत गेल्या, सगळ्या एकाच बाजूला. एका रेघेपाशी मात्र ते घुटमळले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इथे काही कळत नाही, असं पुटपुटून ते पुढे सरकले.

मॅडमनी कागद उघडून त्यांच्यापुढे धरला. सगळं जुळत होतं. आणि त्याच रेघेपुढे धाकटीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

सर त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिले. "नमुने पाठवा," ते म्हणाले. "सही करतो मी."

शुक्रवारी समितीपुढे सगळ्यात जास्त सरच बोलले. एका सदस्याने बाणाची चूक कुणाची, असं विचारलं तेव्हा धाकटीने माझी म्हणून सांगितलं आणि यापुढे शाईऐवजी नळीवर खाच पाडायची, हेही सांगून टाकलं. तिला बाहेर थांबायला सांगितलं. तिचं जेमतेम पाणी पिऊन होतंय तोच मॅडमनी दार उघडून आत बोलावलं. जागा तिची होती.

घरी तिने दारातच बातमी सांगितली. आई आधी रडली आणि मग का रडले म्हणून स्वतःवरच चिडली. बाबांनी पेपरची घडी घातली आणि त्या गाळात नेमकं काय दिसलं ते विचारलं. वरच्या भागात पुराचे थर जास्त जाड आहेत आणि एकमेकांच्या जवळजवळ आलेत, असं तिने सांगितलं.

"म्हणजे पूर वाढलेत?"

"या एका नळीत तरी तसं दिसतंय, बाबा. बाकीचं शोधायला आता मला पगार मिळणार आहे."

 दादाने फोन उचलला आणि विमा कंपनीच्या साहेबांना लावला.

"नाही साहेब, येणार नाही ती. छे छे, लग्न कसलं. शास्त्रज्ञ झालीये, हवामानाची." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "उद्याच्या पावसाचं नाही हो सांगत ती. जुन्या पावसाचं सांगते." त्याने फोनवर हात ठेवला. "अगं, किती जुन्या?"

"अजून माहीत नाही म्हणून सांग."

दादाने हात काढला. "दहा हजार वर्षांपूर्वीच्या," तो छाती फुगवून म्हणाला.

धाकटीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, साहेबांची माफी मागितली आणि वय अजून का सांगता येत नाही ते पहिल्यापासून नीट समजावून सांगायला बसली. साहेबही बरेच चौकस निघाले. आईने तिचं ताट झाकून ठेवलं.