नवव्या बटणावरचा आवाज

मित्रांनो, मी गिटारवाल्याच्या पायाखालची एक जुनी पट्टी आहे. लोखंडी अंग, दहा बटणं आणि लाल आकडे दाखवणारी एक काच. मला स्वतःचा आवाज नाही. माझ्यामागच्या कपाटात आवाज बदलणारी चार यंत्रं आहेत. वादकाने बटण दाबलं की मी तारेतून चौघांना हुकूम धाडते: तू अमुक नंबर लाव, तू तमुक. कोणत्या बटणाला कोणते चार नंबर, हे फक्त मला ठाऊक असायचं. तेवढीच माझी अक्कल, आणि तीही मी गमावून बसले आहे.

कझाखस्तानातल्या ताराझ शहरात सागिंदिक लग्नांत गिटार वाजवायचा. त्याने मला जुन्या बाजारातून घरी आणलं, तेव्हा त्याची बायको राइखान दारातच म्हणाली, "पीठ आणायला गेलात आणि हे लोखंड घेऊन आलात?"

हिवाळाभर स्वयंपाकघराच्या फरशीवर माझी जुळणी चालली. बँडमधला कीबोर्डवाला तोलेगेन मदतीला यायचा. पहिले चार दिवस सगळं एक घर चुकत होतं. मी शून्यापासून मोजते, यंत्रं एकापासून. मी पाच म्हटलं की ती सहावा आवाज लावत. दोघं बिचाऱ्या तारांना शिव्या घालत बसले.

"आगा, गिटार वाजवणार आहात की विमान उडवणार?" तोलेगेन म्हणाला. थोरल्या भावाला तिथे आगा म्हणतात.

झेंगेने, म्हणजे वहिनीने, धाकट्या दिराचं नाव घ्यायचं नाही, टोपणनाव ठेवायचं, अशी तिथली रीत. तोलेगेन मानलेला दीर. राइखान म्हणाली, "लंबू, आधी चहा पी. विमान नंतर पाड."

नववं बटण मात्र सागिंदिकने तिच्यासाठी राखलं. तिला स्टुलावर बसवून तो एकेक नंबर बदलत विचारायचा, "असा?" ती म्हणायची, "अजून लांबून येऊ दे. माळावर कुणीतरी हाक मारतंय आणि आपण ऐकतोय, तसा." सहा दिवसांनी तो आवाज सापडला. राइखान रडली. पुढे अकरा वर्षं, रोज जेवणाआधी, तो नववं बटण दाबून दोन ओळी वाजवायचा. लग्नांत माझं कौतुक खूप झालं, पण मला खरं सुख त्या दोन ओळींचं होतं.

तोलेगेन कितीदा म्हणाला, "आगा, नंबर वहीत लिहून ठेवा ना!" पण लग्नातल्या वादकांची खोडच वाईट. आपला आवाज कागदावर उतरवायचा नाही, दुसऱ्या बँडने चोरला तर? सागिंदिक म्हणायचा, "वही फितूर होते रे. ही पट्टी होत नाही."

एका वसंतात सागिंदिक बसल्या जागी गेला. घरात वर्षभर वाद्य वाजवायचं नाही, अशी रीत. राइखानने माझी वीज काढली, मला धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि वर हात ठेवून म्हणाली, "वर्षभर थांब." केवढी माया होती त्यात! पण माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी आहे. वीज नसताना माझी आठवण तीच सांभाळते. ती म्हातारी झाली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी आतल्या आत पुसली जात होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

वर्षाचं जेवण झालं. पाहुणे गेले. तोलेगेनने तारा जोडल्या, राइखानने स्वतः नववं बटण दाबलं. कोरा, पत्र्यासारखा आवाज आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा.

तोलेगेन खाली बसला. "झेंगे, ही सगळं विसरलीय. यंत्रांतले नंबर जागेवर आहेत, पण चौघांचा मेळ कसा होता..."

"मग शोध ना, लंबू!"

चार यंत्रं, प्रत्येकात एकशे अठ्ठावीस नंबर. सव्वीस कोटींहून जास्त मेळ होतात. तरी तो रोज संध्याकाळी येऊन लावत राहिला. ती रोज ऐकत राहिली. "हा नाही. हाही नाही. जवळ आलास... नाही."

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी तिने हात वर केला. "बंद कर, लंबू. इतके चुकीचे आवाज ऐकले, की आता खरा कसा होता तेच मला आठवत नाही."

तोलेगेनने वीज काढली. काचेवरचा लाल आकडा विझला.

मित्रांनो, जुन्या यंत्राची बॅटरी वेळेवर बदला, हे तर खरंच. पण ज्यांचं जे तुम्हाला प्रिय आहे, ते ती माणसं असतानाच विचारून घ्या आणि लिहून ठेवा. आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका. आम्ही विसरतो, आणि आम्हाला त्याचं रडूही येत नाही.